समोरच्या घराची छाप

पुण्याला परतल्यापासून जो तो मला एकच प्रश्न विचारतो. एक रापी आणायला माणूस यवतमाळ जिल्ह्यापर्यंत जातो का? रविवार पेठेत रापी मिळत नाही का? मिळते, ढिगाने मिळते, आणि तिने लोणी फार सुरेख कापलं जातं. माझा धंदा पुस्तकं बांधण्याचा. पुस्तकाच्या पाठीला लावायचं कातडं कडेला इतकं तासावं लागतं, की कातडं कुठे संपलं आणि पुठ्ठा कुठे सुरू झाला ते बोटाला कळता कामा नये. हे काम मी इतकी वर्षं एकाच रापीने केलं. दुकान ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याच हत्यारांत ती आली होती, आणि घासून घासून तिची आता नुसती पट्टी उरली होती. मुठीपाशी एक चंद्रकोर ठोकलेली होती. एका वऱ्हाडी गिऱ्हाइकाने ती पाहिली आणि म्हणाला, "ही तर आमच्या बोरी अरबची. चंद्र म्हणजे कासमभाईंचं घर."

झालं, मी निघालो. तीर्थयात्रेला चला म्हटलं की माझे गुडघे दुखतात आणि रापीसाठी मात्र ते धडधाकट होतात, असं बायको म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नाही.

दारव्ह्याहून पुढे

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसायचं आणि दारव्ह्याला उतरायचं. त्या गाडीबद्दल मी काही लिहीत नाही. तिच्याबरोबर चालणारी माणसं तिच्या आधी पोचतात एवढं पुरे. दारव्ह्याहून बोरीकडे जाणारी मोटर नादुरुस्त होती. कापूस पोचवून परत निघालेल्या एका रिकाम्या बैलगाडीत मी गाठोडं टाकलं. थंडीचे दिवस, कापसाचा हंगाम. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींनी येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांमधला कापूस ओढून घेतला होता, त्यामुळे काट्याकाट्याला पांढरे झुपके लोंबत होते. गाडीत उरलेला कापूस माझ्या टोपीला, मिशांना आणि कोटाला चिकटला.

"दारव्ह्यात चढले तवा तुमी जवान होते जी," गाडीवान मागे बघून म्हणाला, "आता पार म्हातारे दिसून राह्यले."

दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता, आता आमच्याच मुंबई राज्यात आला आहे. त्याने काय फरक पडला, असं मी त्याला विचारलं. "सायेब बदलले," तो म्हणाला, "रस्ता तोच हाय." रस्ता तोच आहे हे माझ्या कंबरेला त्याच्याआधी कळलं होतं.

बोरीत उतरण्याची सोय नाही, म्हणून त्याने मला शाळेच्या रामटेके गुरुजींच्या दारात सोडलं. गुरुजी तिशीतले, शिडशिडीत, स्वच्छ धुतलेल्या पायजम्यातले. त्यांनी माझं गाठोडं आत घेण्याआधी मला नीट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आम्ही दोन वर्षांपूर्वी बौद्ध झालो. तुम्ही आमच्याकडे जेवता ना? आधी विचारलेलं बरं."

हा प्रश्न त्यांना किती जणांना विचारावा लागला असेल, हे मनात आलं आणि मला लाज वाटली. मी म्हटलं, "गुरुजी, मला भूक लागली आहे." ते हसले. त्यांच्या पत्नीने तुरीच्या ओल्या दाण्यांत वांगी शिजवली होती. या दाण्यांना इथे सोले म्हणतात. बरोबर ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. आमच्याकडे तूर म्हणजे फक्त डाळ. शेंगा हिरव्या असताना त्या सोलून खाव्यात हे पुण्याला कुणी शिकवलंच नाही. मी तिसरी भाकर नको म्हणालो तेव्हा बाई म्हणाल्या, "लाजू नोका, पुन्यावरून पाहाले कोनी येत नाई." मग मी तीही खाल्ली.

लोहारगल्ली

एके काळी या गल्लीत घरोघर भाते चालत. आता दोनच भट्ट्या उरल्या आहेत, समोरासमोर. एक कासमभाईंची, दुसरी सितारामजी लोहारांची. मधली गल्ली एवढी अरुंद, की एकाची ठिणगी दुसऱ्याच्या उंबऱ्याला पोचावी. दोघेही साठीच्या आसपासचे, लहानपणापासून एकमेकांना अरेतुरे करणारे. कासमभाईंचा मुलगा यवतमाळला मोटारी दुरुस्त करतो, घरी सून आणि ते. सितारामजींची मुलं शेतीत गेली.

मी कासमभाईंसमोर बसलो, माझी झिजलेली रापी काढली आणि तिची पुष्कळ स्तुती केली. असं हत्यार घडवणाऱ्या घराच्या पाया पडायला आलोय, असंही म्हणून गेलो. कासमभाईंनी रापी डोळ्यांजवळ नेली, मग बोटाने चंद्रकोर चाचपली आणि पोट धरून हसायला लागले.

"सिताऱ्या!" ते गल्लीपलीकडे ओरडले, "अबे, तुह्या बापाच्या हातची रापी हाय, अन हे पुनेवाले माह्या पाया पडून राह्यले!"

मग मला उलगडा झाला. बोरीत सुरी घडवणारा आपल्या सुरीवर स्वतःची छाप मारत नाही. छाप मारतं समोरचं घर. घडणाऱ्याने तापलं पातं बुडवून पाणी पाजायचं, धार लावायची आणि सुरी समोर नेऊन ठेवायची. समोरचा ती पारखतो. आधी आढ्याला टांगलेल्या कापसाच्या पेळूवरून नुसती सोडतो. धार खरी असेल तर पेळू न हलता तुटतो. मग बैलाच्या शिंगाचा एक तास, म्हणजे पातळ साल, काढतो आणि पात्यावर अंगठा फिरवतो. पोलाद कच्चं राहिलं असेल तर शिंगावर धार वळते आणि अंगठ्याला लागते. ठीक उतरली तर आपली छाप ठोकून परत द्यायची. न उतरली तर ती गल्लीच्या मधोमध टाकून द्यायची, आणि घडणाऱ्याने सगळ्यांदेखत स्वतः येऊन उचलायची. शिंगाची पारख घरी करून बघायला बंदी. आपल्या सुरीवर आपला अंगठा चालत नाही.

म्हणजे माझ्या रापीवरचा चंद्र कासमभाईंच्या घराचा, पण काम समोरच्यांचं. चंद्र एवढंच सांगत होता की ही आम्ही तपासली.

मी पुष्कळ वेळ यावर विचार करत बसलो. मी बांधलेलं पुस्तक समोरच्या दुकानदाराने उघडझाप करून बघायचं, आणि मग त्याचं नाव त्यावर घालायचं, असा नियम पुण्यात काढला तर काय होईल? पहिल्या आठवड्यात वकील लागतील. इथे हे पिढ्यान् पिढ्या चाललं होतं, एक घर मुसलमान आणि दुसरं हिंदू असताना. त्यात काही विशेष आहे असं दोघांपैकी कुणालाही वाटत नव्हतं.

तलवारी घडवणाऱ्या पूर्वजांच्या गोष्टी मी सगळ्या लोहारांकडून ऐकल्या आहेत, म्हणून इथेही विचारलं. "आमचे दादा-परदादा अडकित्ते करत," कासमभाई म्हणाले. "तलवार कवातरी लागते. सुपारी रोज लागते."

माझी नवी रापी त्यांनी माझ्यासमोर घडवली. मोटारीच्या जुन्या कमानीचा तुकडा तापवला, ठोकून पसरवला, पुन्हा तापवला. त्यांच्या हातोड्याला आवाज कमी आणि वजन जास्त होतं. मग पातं लाल करून जवसाच्या तेलात बुडवलं आणि शेवटी तापल्या लोखंडावर ठेवून ते त्याचा रंग बघत बसले. हा सगळ्यांत नाजूक भाग. पातं आधी गव्हासारखं पिवळं होतं, मग तांबूस, मग निळं. सुरी पिवळ्यावरच उचलायची. निळी झाली की मऊ पडते. कासमभाई तोंड अगदी जवळ नेऊन बघत होते. त्यांनी पातं उचललं तेव्हा ते मला जरा गडद वाटलं, पण भट्टीपाशी अंधार होता, आणि दुसऱ्याच्या भट्टीत नाक खुपसायची माझी रीत नाही.

संध्याकाळी त्यांनी रापी समोर नेऊन ठेवली. सितारामजी म्हणाले, "उद्या पाहातो."

वाट पाहणं

तो उद्या काही उजाडेना. सकाळी मी जावं आणि सितारामजींनी "अजून येळ नाई भेटला" म्हणावं. त्यांच्याकडे कामाचा डोंगर होता असंही नव्हतं. ते बिडी ओढत बसलेले मला दिसत होते. मी चिडलो. गुरुजींना म्हटलं, तुमच्या गावाला घड्याळ आहे की नाही? गुरुजींनी विषयच बदलला, त्यावरून कुठेतरी पाणी मुरतंय हे कळलं.

नंतर समजलं की माझीच रापी अडकलेली नव्हती. कासमभाईंच्या आधीच्या सुऱ्याही समोरच पडून होत्या. छाप नाही म्हणून बाजारात नेता येत नव्हत्या. कासमभाई गिऱ्हाइकांना आज देतो, उद्या देतो करत होते, आणि आता त्यांच्या डोक्यात एकच भरलं होतं.

"जयते तो माह्यावर," ते मला म्हणाले. "पुन्यावरून मानूस माह्या दारात आला ना, तवापासून त्याच्या पोटात दुखून राह्यलं."

दुपारी कासमभाई जेवायला आत गेले होते, तेव्हा सितारामजींनी मला खुणेने बोलावलं. घरात नेलं, फडक्यात गुंडाळलेली माझी रापी काढली आणि शिंग पुढे केलं. "तुमी कारागीर हा. तुमीच चालवा."

मी शिंगाचा एक तास काढला आणि अंगठा फिरवला. धार एका बाजूला पार वळली होती. या रापीने कातडं तासलं असतं तर फाटलंच असतं.

"सारा माल असाच हाय," सितारामजी खालच्या आवाजात म्हणाले. "त्याच्या डोयात मोतीबिंद हाय. त्याले पिवया वाटते, अन पातं निळं होऊन बसलेलं असते. पोयाच्या सणापासून पाहून राह्यलो म्या."

"मग गल्लीत का टाकत नाही?"

"अजूनपर्यंत त्याची एकबी सुरी मधात पडली नाई जी. त्याच्या बापाचीबी नाई. म्या कशी टाकू?"

"मग तुम्हीच पुन्हा पाणी पाजा आणि छाप मारा. त्यांना कळणारही नाही."

सितारामजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात जोड्यांसकट शिरलोय. "मंग ते सुरी कोनाची? म्याच सुधरवाची अन म्याच पास कराची? तवा छाप कायले पायजे?"

मग तुम्हीच त्यांना सांगा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "तुमीच सांगा ना." परक्या माणसाने येऊन असं सांगणं मला पटेना. असे आम्ही दोघे म्हातारे बाप्ये एकमेकांवर ढकलत बसलो, आणि शेवटी कुणीच काही केलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मी गुरुजींना छेडलं. ते सगळं जाणून होते. "मी त्यांना यवतमाळला डॉक्टरकडे नेलं होतं," ते म्हणाले. "मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, म्हणे. पिकेपर्यंत थांबा. कासमभाई म्हणाले, थांबतो. भट्टी थांबवायची असते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही."

बाजाराचा दिवस

बाजाराच्या दिवशी गल्लीत वर्दळ होती. घाटंजीचा एक माणूस आपल्या सुऱ्या न्यायला आला आणि पुन्हा हात हलवत परत जायची वेळ आली म्हणून कुरकुरायला लागला. ते ऐकून कासमभाई उठून गल्लीत आले.

"काय बे सिताऱ्या, माह्या सुऱ्या काय आंबे हायेत? आढी घातली काय त्याईची?"

"होईन ना बे. घाई काहून करतं?" सितारामजी मान वर न करता म्हणाले.

"घाई? लोकं घाटंजीवरून येऊन राह्यले अन तू बिड्या फुकून राह्यला!" मग ते माझ्याकडे वळले. "पुनेवाले, तुमी त्या दिसी त्याच्या घरात गेलते. मले डोयानं कमी दिसते, पन एवढं दिसते. माही रापी हातात घेतली तुमी?"

"घेतली."

"चालवली?"

"चालवली."

"मंग? इमानानं सांगा."

लोक थांबले होते. मला खोटं बोलता आलं असतं. कातड्यावर चालवून पाहायची राहिली, माझाच हात बसला नाही, असं काहीही. पण समोर उभ्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या सुरीवर खरं तेच सांगितलं होतं, आणि आता तो मला तेच विचारत होता. मी म्हटलं, "कासमभाई, धार वळते."

ते गल्ली ओलांडून सितारामजींच्या ओसरीवर गेले आणि हात पुढे केला. सितारामजींनी सगळ्या सुऱ्या बांधलेलं फडकं आणून दिलं. कासमभाईंनी शिंग घेतलं, एका सुरीने तास काढला आणि आपल्याच सुरीवर आपला अंगठा फिरवला. मग दुसरी घेतली. मग माझी रापी.

"सारीच?"

"सारीच."

"अन तू मले सांगतलं नाई."

"कसं सांगू बे?" सितारामजींचा आवाज फुटला.

कासमभाईंनी ते फडकं तसंच गल्लीच्या मधोमध झटकलं. सुऱ्या दगडांवर खणखणत पडल्या. मग ते स्वतःच वाकले आणि धुळीत हाताने चाचपत एकेक उचलायला लागले. त्यांना त्या नीट दिसत नव्हत्या. घाटंजीचा माणूस मदतीला वाकला, तर सितारामजींनी त्याचा दंड धरला. "उचलू नोका. ज्याच्या त्यालेच उचला लागते."

शेवटची सुरी उचलेपर्यंत कुणीही जागचं हललं नाही. कासमभाई घरात गेले, भट्टीवर बादलीभर पाणी ओतलं आणि दार लावून घेतलं.

मी गुरुजींकडे येऊन गाठोडं बांधायला घेतलं. मी एका माणसाची भट्टी विझवली होती, आणि ती विझायलाच हवी होती, हेही मला कळत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या की माणसाला जेवण जात नाही. बाईंनी त्या दिवशी आग्रह केला नाही.

निघण्याचा दिवस

दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला गल्लीत गेलो, तर सितारामजी भल्या पहाटेपासून भट्टीवर होते. "तुमाले रिकामं कसं धाडू?" एवढंच म्हणाले. पाहतो तर रापी तयार. मला म्हणाले, "चला," आणि ती घेऊन गल्ली ओलांडून कासमभाईंच्या दारात उभे राहिले.

कासमभाई ओसरीवर बसले होते. अंगावर कामाचे कपडे नव्हते, धुतलेला सदरा होता. त्या सदऱ्यात ते एकदम म्हातारे दिसले.

"पारख बे," सितारामजींनी रापी पुढे केली.

"म्या आता लोहार नाई. घेऊन जाय."

"लोहार नसशीन. समोरचं घर तर हायेस ना? का तेबी इझवलं काल?"

कासमभाईंनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग त्यांनी हात पुढे केला. सुनेने आतून शिंग आणून दिलं. आढ्याच्या पेळूवर त्यांनी रापी सोडली, तो तुटला. शिंगाचा तास काढला. डोळे मिटले आणि अंगठा पात्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे नेला, पुन्हा मागे आणला, आणि एका जागी थांबले. तिथेच दोनदा फिरवला.

आणि उठून त्यांनी ती रापी गल्लीच्या मधोमध फेकून दिली.

सितारामजींचे कान लाल झाले. शेजारची माणसं दारांत आली. मला वाटलं, मित्राचं मन राखायला यांनी मुद्दामच कच्ची रापी घडवली असणार. मी त्यांच्या कानात तसं विचारलंही.

"मुद्दाम?" ते माझ्यावरच खेकसले. "म्या जानून खराब काम करीन? तोंड सांभायून बोला, पुनेवाले!" आणि गल्लीत जाऊन, सगळ्यांदेखत वाकून, त्यांनी रापी उचलली. स्वतःच शिंगावर चालवली, अंगठा लावला आणि खाली मान घालून म्हणाले, "मुठीकडं कच्ची हाय."

"घाई केली तुनं," कासमभाई म्हणाले. "रडत रडत पानी पाजलं की असंच होते."

"कोन रडत होतं बे?"

"मले डोयानं कमी दिसते," कासमभाई म्हणाले, "आयकू येते ना." आणि ते हसायला लागले. पहिल्या दिवसानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. सितारामजी शिव्या पुटपुटत आपल्या भट्टीकडे गेले, निखारे फुंकले आणि भाता ओढायला लागले.

मी गाठोडं पुन्हा खाली ठेवलं. कासमभाईंनी आत तोंड करून सुनेला हाक मारली.

"बेटी, छाप काढून ठेव. आज लागीन."